माझी तकलीफ, तिचा निबंध

"तुला काय कमी तकलीफा हायत? त्यातली एक दे की आमच्या मृण्मयीला."

मृण्मयीची आई असं म्हणाली आणि हसली. चिवड्याची बशी माझ्याकडं सरकवत. मृण्मयी हसली. मीही हसले. त्या दोघींच्या हसण्यापेक्षा मला माझ्या हसण्याची जास्त लाज वाटते.

वसमतला त्यांचा बंगला. तिचे वडील हळदीचे बडे व्यापारी आणि आमच्या कॉलेजचे सचिव. मृण्मयी माझ्याच वर्गात. पहिलं वर्ष संपवून तिला पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात थेट दुसऱ्या वर्षाला जायचं होतं. मलाही. तिथं माझ्यासारखीला सगळी फी माफ होणार होती. अर्जाला दोन गोष्टी लागत होत्या. एक, कॉलेजचं शिफारसपत्र, सचिवांच्या सहीचं. दुसरा, निबंध. आयुष्यातला एक कठीण प्रसंग लिहा, आणि आताचं कॉलेज सोडून आमच्याकडं का यायचंय ते पटवून द्या.

मृण्मयीकडं मार्क होते, इंग्रजी होतं. प्रसंग नव्हता.

मी तिच्यावर जळायचे. उगीच साळसूदपणा कशाला करू? तिच्या खोलीला दार होतं आणि दाराला आतून कडी होती, त्यावर मी जळायचे. ती बोलताना अडखळली की लोक थांबायचे. मी अडखळले की लोक आपलं बोलणं पुढं सुरू करायचे. यावर तर फारच जळायचे.

"तू झकास लिहितेस म्हणं," तिची आई म्हणाली. "तू हिला लिहून दे. साहेब तुझ्या पत्रावर बराबर सही करतील."

सही पाहिजेच होती. पण खरं सांगायचं तर नुसत्या सहीसाठी नाही लिहिलं मी. मला दाखवायचं होतं. बघा म्हणावं, एवढ्या मोठ्या बंगल्यात जे नाही ते माझ्याकडं आहे. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते मी जळकेपणानं लिहून दिलं. अक्कल गहाण टाकली, दुसरं काय.

बारावीची सहामाही होती. आमची मेंढरं शिरड शहापूरच्या शिवारात होती. बाप औंढ्याच्या बाजाराला गेलेला, आई पाण्याला. मेंढरं माझ्यावर. मी बाभळीखाली पुस्तक उघडून बसले. ज्वारी काढलेल्या रानात धसकटांना कोवळे फुटवे येतात. ते मेंढरांना विष. आमच्यात हे लहान लेकराला पण ठाऊक असतं. मेंढरं तिकडं वळली तेव्हा मी पान उलटत होते. मान वर केली तेव्हा कितीतरी जणी आडव्या पडून पाय झाडत होत्या.

आम्ही मेंढरं मोजत नाही. मोजली की दृष्ट लागते म्हणतात. आणि मोजायची गरजही नसते. दिवस मावळताना बाप कळपातून एक चक्कर मारतो आणि कोण नाही ते सांगतो. त्या दिवशी त्यानं एकेकीचं नाव घेतलं. काळतोंडी. लंगडी. बांडी. पाटलाच्या रानात व्यालेली. बराच वेळ घेत होता. मी शिव्यांची, माराची वाट बघत होते.

मग तो म्हणाला, "पेपर कधी हाय तुझा?"

बस. एवढंच.

हे मी मृण्मयीला दिलं. सुट्टीत आजोळी मेंढरं राखताना झालं असं लिहायचं ठरलं होतं. मग माझा निबंध लिहायला बसले तर हात रिकामा. बाकीचं जे होतं ते भाजीत मीठ नसल्यासारखं लागायचं. माझंच आयुष्य तिच्या फाइलमध्ये जाऊन बसलं होतं आणि मी बाहेरून त्याच्यावर जळत होते. तेच मी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बिचारी. तिच्या नावावर ते धाडस होणार होतं.

महिनाभरानं तिनं मला बंगल्यावर बोलावलं. खुशीत होती. "पुण्याच्या एका मॅडमनी थोडं नीट केलं," म्हणाली आणि मोबाइल हातात दिला.

मी वाचलं.

मेंढरं मृण्मयीच्या शेतावरची झाली होती. माझा बाप त्यांचा गडी झाला होता. झाडाखाली पुस्तक घेऊन बसलेली, मेंढरं मारणारी निष्काळजी पोरगी होती गड्याची. संध्याकाळी मृण्मयीनं मेंढरं मोजली. अकरा कमी भरली. तिनं त्या पोरीला माफ केलं, आणि अशा मुलींना शिकवायचं म्हणून तिला मोठ्या विद्यापीठात जायचं होतं.

मोजली. दोनदा वाचलं मी ते.

"उद्या मुलाखत आहे," मृण्मयी म्हणाली. "त्या मुलीचं विचारलं तर तुझं नाव सांगू? त्यांनी फोन केला तर तू फक्त हो म्हण."

"न्हाई."

"अगं, फक्त हो म्हणायचंय."

"मेंढरं आमची व्हती," मी म्हणाले. "माफ करायचं का न्हाई ते माझा बाप ठरवल. तू कोण?"

तिची आई आतून आली. "काहून भाव खाऊन राहिली गं? सही पाहिजे न्हाई का?"

"नको."

पायात चप्पल घातली आणि निघाले. भीती होतीच. पुण्याची वाट त्या एका सहीतून जात होती, आणि ती मी माझ्या तोंडानं बंद केली होती. बसस्टँडवर बसून रडले. रागानं रडले, आणि तिला उद्या मुलाखत आहे, मला नाही, म्हणूनही रडले.

पण अर्जाची मुदत अजून संपली नव्हती. त्याच बाकड्यावर मोबाइल काढला आणि लिहायला घेतलं. तोच प्रसंग. लंगडी, बांडी, काळतोंडी, सगळ्या नावानिशी. पुढं लिहिलं की हाच प्रसंग एका सहीसाठी मी दुसरीला लिहून दिला आणि ती चूकही माझीच. आताचं कॉलेज का सोडायचंय, याचं उत्तर वेगळं लिहायची गरजच उरली नाही. शिफारसपत्राची जागा रिकामी ठेवली. का रिकामी आहे ते खाली लिहिलं. अर्ज पाठवला.

उत्तर आलेलं नाही. कॉलेजातल्या सरांनी बोलावून सांगितलं, "अर्ज मागं घे, साहेब चिडलेत, इथलंही वर्ष जाईल." मृण्मयीची जागा पक्की झाली असं वर्गात बोलतात. ऐकलं की पोटात आग पडते. पडू दे. ती आग मी लपवणार नाही आणि अर्जही मागं घेणार नाही. एकच प्रसंग दोन अर्जांत कसा, अशी चौकशी लागली तर मी समोर उभी राहणार आहे. तिचं नाव सांगणार आहे, आणि माझंही.