वाळ्याचा काठ

अन्याय झाला तो आमच्या गावच्या ताट्या विणणाऱ्या मावशीवर. कधी झाला तेही सांगतो, कारण "मध्यंतरी" आणि "त्या सुमारास" असं लिहिणाऱ्यांचा मला राग आहे. लातूर वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, सकाळी, बायका झिऱ्यावर घागरी लावून बसल्या होत्या तेव्हा. मावशीचं नाव लिहीत नाही. तिनंच नको म्हटलं. "माझं नाव छापून वाळा उगवणार हाय का?" असं विचारलं.

आमचं गाव मुरुडच्या बाजाराला पायी जाऊन यावं इतक्या अंतरावर. गावाखालून ओढा जातो. पाऊस दोन वर्षं हुकला होता. ओढा वरून कोरडा, पण वाळूत हातभर उकरलं की खाली पाणी लागायचं. त्या उकरलेल्या खड्ड्याला आम्ही झिरा म्हणतो. वाटीनं पाणी घ्यायचं, घागर भरायची, पुढच्या बाईला जागा द्यायची. गावातल्या विहिरी आटल्या तरी झिरा आटला नव्हता. त्याचं कारण काठावर उभं होतं. वाळा. कंबरेच्या वर वाढणारं गवत, दिसायला अगदी सामान्य, पण मुळं माणूसभर खोल. काठाची माती ती मुळं धरून ठेवतात. शेतातून वाहून आलेला गाळ पात्यांच्या दाटीत अडकतो आणि ओढ्यात उतरतं ते गाळलेलं पाणी. वाळ्याच्या मागं निर्गुडी, त्यामागं शिंदी आणि करंज. हे कुणी सरकारी योजनेतून लावलेलं नव्हतं. मावशीच्या सासूनं राखलं, मग मावशीनं.

राखलं म्हणजे काय, ते नीट सांगतो. मावशी वाळ्याच्या मुळांच्या ताट्या विणायची. लातूरचे काही आडते आणि किराणावाले उन्हाळ्यात त्या दाराला लावायचे, वर पाणी शिंपडायचे, की आत गार वास. पण मूळ काढायचं ते दिवाळीनंतर, काठाला ओल असते तेव्हाच. एक ठोंब खणलं की शेजारची दोन सोडायची. मुळं कापून घ्यायची आणि वरचे फुटवे वीतभर ठेवून त्याच खड्ड्यात, त्याच दिवशी परत लावायचे. पाण्याकडची शेवटची रांग आसरांची, म्हणजे पाण्यातल्या सात देवींची. तिला हात लावायचा नाही. तिथं शेंदूर लावलेले सात दगड होते. मला तेव्हा ही अंधश्रद्धा वाटायची आणि मी तसं तिला तोंडावर सांगितलंही होतं. ती म्हणाली, "बरं बाबा. तू हात लावू नको म्हंजी झालं."

मी तेव्हा लातुरात एका युवक मंडळात होतो. पत्रकं लिहायची, सायक्लोस्टाइल करायची, एसटी स्टँडवर वाटायची. त्या उन्हाळ्यात कळलं की रोजगार हमीतून आमच्या ओढ्याचा काठ "साफ" होणार आणि तिथं सुबाभूळ लागणार. सगळा झाडोरा काढून. मंडळात आम्हाला शिकवलं होतं की साहेबाला भावना सांगायच्या नाहीत, फायदा दाखवायचा. म्हणून मी मावशीकडून एक नवी ताटी मागून घेतली, सायकलला बांधली आणि गेलो जिल्ह्याच्या कचेरीत.

जिल्हा नवा होता. कचेरी भाड्याच्या घरात, वर पत्रे. फायलींची गाठोडी भिंतीला टेकवलेली. बाहेरचा शिपाई म्हणाला, "कपाटं अजून उस्मानाबादलाच हायत. फायली भुईवर, साहेब खुर्चीवर अन आम्ही हवेवर." साहेब गळ्याभोवती ओला रुमाल घेऊन बसले होते. मी ताटी खिडकीला लावली. शिपायानं तांब्याभर पाणी मारलं. बाहेरची झळ आत आली ती वास घेऊन. साहेबांनी डोळे मिटले.

मी बोलत होतो. मुळं किती खोल जातात, गाळ कसा अडतो, सुबाभळीनं हे काम का होणार नाही. साहेब मधेमधे "हं" म्हणत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "हे मिळतं कुठं?"

मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही. खिशातलं पत्रक काढलं, त्याच्या पाठीवर गाव, ओढा, पायवाट आणि काठाचा तुकडा असा नकाशा काढून दिला. वाळा जिथं दाट होता तिथं रेघा मारल्या.

"काठ साफ करायचं काम मी थांबवतो," साहेब म्हणाले. आणि त्यांनी शब्द पाळला, खरंच. सुबाभळीचा कागद थांबला. मी गावात येऊन फुशारकी मारली. झिऱ्यावरच्या बायकांना म्हटलं, जिंकलो. मावशीनं एवढंच विचारलं, "ताटी परत आणलीस का?"

"ऱ्हाऊ दे म्हणाले साहेब. आवडली त्यांना."

"एकच खिडकी हाय का तिथं?"

मला प्रश्नच कळला नाही. दहा-बारा दिवसांनी कळला.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर आला. ठेकेदाराचा मुकादम आणि परगावची माणसं, कुदळी घेऊन. सगळ्या कचेऱ्यांच्या खिडक्यांना ताट्या लागणार होत्या. मी पळत गेलो, आडवा उभा राहिलो. मुकादमानं शांतपणे कागद दाखवला. त्यात लिहिलं होतं, "ओढ्याकाठचे बेवारस गवत." कागदाच्या आत घडी घालून माझा नकाशा.

"तुम्हीच काढलाय न्हवं पुढारी? अक्षर झकास हाय तुमचं."

माणसं हसली.

मावशी पुढं झाली. "आरं, उन्हाळ्यात मूळ काढायलात व्हय? फुटवे तरी परत लावा."

"लावू की मावशी. पाऊस पडू द्या."

"पावसाला काय बोलावणं धाडलंय का तुझ्या मालकानं?"

ती आसरांच्या रांगेत जाऊन बसली. उन्हात, दुपारपर्यंत. बाकीच्या बायका घागरी घेऊन तिच्याभोवती उभ्या राहिल्या. मुकादमानं ती रांग सोडली आणि मागचा सगळा काठ खणून घेतला. मला वाटलं, निदान शेवटची रांग वाचली. मुरुडच्या बाजाराच्या दिवशी बायका गावात नव्हत्या, तेव्हा येऊन तीही नेली. सात दगड मात्र नीट एका बाजूला मांडून ठेवले होते.

फुटव्यांचे ढीग काठावर वाळत पडले. मावशीनं त्यातले ओले वाटतील ते निवडले, गोणपाटात गुंडाळले आणि आपल्या वाटणीच्या घागरीतलं पाणी त्यांच्यावर शिंपडलं. घरात प्यायला कमी पडलं, त्यावरून सुनेशी भांडण झालं. तरी बहुतेक फुटवे मेले.

पंधरा दिवसांत वळीव आला. अर्धा तासच, पण जोराचा. उघडा काठ भिजला आणि बसला. सकाळी बायका गेल्या तर झिरा नव्हताच. तिथं काळ्या मातीचा सपाट चिखल. उकरला तर पुन्हा चिखल. लोक दुष्काळात पावसाची वाट पाहतात. आमच्या गावात त्या दिवशी बायका पावसाला शिव्या देत होत्या. मग शिवेपलीकडच्या विहिरीवर जाणं आलं. "आमच्या घरचं भरून झालं की या" हे ऐकून उन्हात थांबणं आलं.

मावशीकडे विणायला मूळ राहिलं नाही. ती खडी फोडायच्या कामावर गेली. मी काय केलं? पत्रक लिहिलं. ठेकेदार, साहेब, जिल्हा, सगळ्यांचा निषेध केला. चांगलं जमलं होतं. मोठ्या अभिमानानं मी ते कामावर जाऊन मावशीला वाचून दाखवलं. तिनं हातोडा बाजूला ठेवून सगळं ऐकलं.

"लई चांगलं लिवलंस," ती म्हणाली. "पण ह्यात तुझा नकाशा कुठाय?"

मी म्हटलं, "मावशी, तो मुद्दा गौण आहे."

"असंल. मग मी बी गौणच असंन," असं म्हणून तिनं हातोडा उचलला.

ते पत्रक मी वाटलं नाही. हे लिहितो आहे त्यात नकाशा आहे. साहेबांनी पुढं धाडला, ठेकेदारानं वापरला आणि काढला मी. ज्या गवताची राखण कशी करतात हे मला ठाऊक होतं, त्याचा फक्त पत्ता मी सांगितला. राखण सांगायची राहिली असं म्हणायलाही जागा नाही. साहेब वास घेत होते आणि मला ते आवडत होतं.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. आम्ही काठावर निर्गुडीच्या फांद्या खोवल्या, त्या जगल्या. शिंदीच्या बिया टाकल्या, थोड्या उगवल्या. वरचा काठ त्यांनी कसाबसा धरला आहे. पण पाण्याची कड वाळ्याशिवाय धरत नाही. मावशीनं वाचवलेली पाच-सहा ठोंबं आहेत, त्यांना काटेरी कुंपण केलंय, तरी शेळ्या कोवळं पान शोधतातच. झिरा संक्रांतीपर्यंत पाणी देतो, मग गढूळ होतो, मग काही नाही. खात्याकडून सुबाभळीची रोपं फुकट मिळतात. वाळा कुठल्याच रोपवाटिकेत नाही, विचारून पाहिलं. मावशी म्हणते, पाच-सहा ठोंबांवर काठ भरायला तिचं आयुष्य पुरणार नाही.

तेव्हा तुम्ही. लोह्याकडचे, धर्माबादकडचे, मांजरेकाठचे, जे कुणी हे वाचत आहात ते. मला सहानुभूतीचं पत्र नको, निषेधाचा ठराव नको. तुमच्या ओढ्याला वाळा असेल तर येत्या पावसाळ्यात, जमीन भिजल्यावर, दाट जागेतलं एक ठोंब खणा. अर्धं तिथंच परत लावा. अर्धं ओल्या गोणपाटात बांधा, मुरुडच्या एसटीत बसा आणि आमच्या ओढ्यावर या. कुठं लावायचं ते मावशी दाखवेल. स्वतःच्या हातानं लावा आणि मगच परत जा.