मुळासकट आणलेलं केल्प

आमच्या श्रूजबरी गावातल्या निम्म्या मराठी माणसांना डॉक्टर गुरुनाथांनी कधी ना कधी भूल दिलेली आहे. निवृत्त झाल्यावर बाकीचे डॉक्टर गोल्फ खेळायला लागले, हे मात्र गुडघाभर बूट घालून मेन राज्याच्या किनाऱ्यावर केल्प कापायला जायचे. लोक हसायचे. हसोत बापडे.

केल्प म्हणजे थंड समुद्रातल्या खडकांवर वाढणारी लांब, चामड्यासारख्या पानांची वनस्पती. वाळवून आमटीत घातली की छान लागते. सुचित्रावहिनी होत्या तोवर ती दोघं जायची. त्या गेल्यावर शेजारीण म्हणून गाडी मी चालवू लागले, कारण डॉक्टरांना एवढ्या लांब एकटं पाठवणं मला पटेना आणि माझ्याही घरी वाट बघणारं कुणी नव्हतं.

त्यांची कापण्याची रीत बघून मी कातावून जायचे. मोठी ओहोटी बघून खाली उतरायचं आणि तीन झाडांतल्या एकालाच हात लावायचा. पान देठाला जुळतं तिथूनच ते वाढतं, म्हणून त्याच्या वर वीतभर पान सोडून कात्री चालवायची. खडकाला घट्ट धरून बसलेलं मूळ तर हलवायचंसुद्धा नाही. यंदा या खडकावर कापलं, तर पुढच्या वर्षी त्याच्याकडे फिरकायचं नाही.

"मूठभर पानांसाठी एवढं पेट्रोल जाळायचं?" मी म्हणायचे.

"सुहासिनीताई, असं घेतलं तरच पुढच्या वर्षी यायला कारण उरतं," ते म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत त्यांना अर्धांगवायू झाला. काठी घेऊन ते घरात फिरू लागले, पण खडकांवर उतरणं संपलं. तेव्हापासून त्यांनी एकच धोशा लावला, केदारला हे शिकवायचंय. केदार त्यांचा एकुलता एक मुलगा, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला असतो. फोन केला की बहुतेक वेळा मीटिंगमध्ये असतो. गेल्या वर्षी तो मे महिन्यात येतो म्हणाला, तर डॉक्टरांनी आठवडाभर आधी कात्रीला धार लावून घेतली.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा औषधांमुळे डॉक्टरांचा डोळा लागला होता. "झोपू दे त्यांना, मावशी. आय विल सरप्राइज हिम," असं म्हणून केदार पिशव्या घेऊन उतरला. खडक उताराच्या पलीकडे होते, गाडीतून काही दिसत नव्हतं.

तो परतला तो दोन पिशव्या गच्च भरून. केल्पच्या नीट जुड्या बांधलेल्या, मुळं धुऊन स्वच्छ केलेली.

"बाबा, मुळासकट काढलं. आई मेथी मुळांसकटच ठेवायची ना, ताजी राहते म्हणून? पूर्ण खडक क्लीन केला!"

पोर घामाघूम झालं होतं आणि इतकं खूश मी त्याला त्याची आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. माझी मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तोंड उघडणार एवढ्यात डॉक्टरांनी डाव्या हातानं माझं मनगट दाबलं.

"छान केलंस," ते म्हणाले. जुडी मांडीवर घेऊन ते घरी येईपर्यंत तिच्या मुळांवरून अंगठा फिरवत होते.

घरी मी भांडले. त्याला सांगायला हवं होतं, अडाणी नाही तो. डॉक्टर म्हणाले, "आईची आठवण ठेवून आणलंय त्यानं. पुढच्या वर्षीही येतो म्हणालाय. तेव्हा शिकवीन."

यंदा मे महिन्यात केदार खरंच आला. खाली गेला आणि रिकाम्या पिशव्या घेऊन वर आला. मी उतारापर्यंत जाऊन डोकावले, तर त्या खडकावर दुसरंच तांबूस, चिकट शेवाळ माजलं होतं.

"बाबा, तिथे काहीच नाही. काय झालं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "समुद्राचं पाणी तापलंय रे," ते म्हणाले. "सगळीकडेच कमी होतंय."

मला ओरडावंसं वाटलं. बोलायचं ते त्यांनी बोलायचं होतं, आणि ते बोलणार नव्हते.

केदारलाही वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. मग पिशव्यांची घडी घालत म्हणाला, "दॅट्स सॅड. मग पुढच्या वर्षी यायला नको, नाही का?"

"नको," डॉक्टर म्हणाले.