घंटी दोनदा वाजते

“तुमचे डोळे फुटले का?”

माह्या तक्रारीतली एवढीच एक ओळ साहेबानं मोठ्यानं वाचली. शंकर नगरातलं, मोबाइलवर औषधाची आठवण देणाऱ्या कंपनीचं ऑफिस. काचेचं, थंडगार. आठ-दहा पोट्टे-पोट्ट्या खुर्च्या फिरवून माह्याकडे पाहून राहिले होते. साहेबानं तीच ओळ परत वाचली. या वेळी माह्या आवाजाची नक्कल करून. सगळे हसले.

“काका, इसको शिकायत नहीं, गाली बोलते हैं.”

ओळ माहीच. नाही म्हणत नाही. पण तिच्या वर माह्या चार ओळी होत्या. त्या त्यानं वाचल्याच नाहीत.

त्या अशा होत्या. तुमच्या मोबाइलातली इन्सुलिनची घंटी खोटी आहे. सुई घेतली, ‘घेतली’ म्हणून बटन दाबलं, तरी दहा मिनिटानं परत वाजते अन् सुई घ्या म्हणते. भाषा मराठी ठेवली का वाजते, हिंदी केली का वाजत नाही, तीनदा करून पाहिलं. माही बायको त्या घंटीच्या भरवशावर दोनदा सुई घेऊन बेशुद्ध पडली.

शिकलो चौथीपर्यंत. पण दोष कसा सांगाचा, हे मले कोणी शिकवू नये. मी रेल्वेत चाबीवाला होतो. हातोडा, पाना अन् लाल झेंडी घेऊन रोज पायी रूळ तपासत जायचो. रूळ तुटलेला दिसला का कुठं, किती, केव्हापासून, तेवढं सांगाचं. एकदा स्टेशन मास्तर फोनवर ऐकूनच घेईना, तं मी त्याले मायवरून शिवी दिली. त्यानं पहिले गाडी थांबवली. मंग मले बोलावून झाप झाप झापलं. मी मुकाट्यानं ऐकलं. गाडी उभी होती ना!

इथं सारं उलटं. पहिल्या दोन खेपा मी डोळ्याची ओळ लिहिली नव्हती. चार ओळी, सरळ. जवाबच नाही. तिसऱ्या खेपेले लिहिली, तं तासाभरात जवाब हजर. ‘आपली भाषा सभ्य नसल्यामुळे तक्रार बंद करण्यात आली आहे.’

म्हणजे वाचता येत होतं त्यायले.

साहेबानं कोरा कागद सरकवला. “पहले माफीनामा लिख दो. शिकायत खोलनी है कि नहीं, फिर देखेंगे.”

बाजूच्या टेबलावरची पोट्टी आपल्यातलीच. गळ्यातल्या कार्डावर मराठी आडनाव होतं. हळूच म्हणे, “आजोबा, लिख दो ना. क्या जाता है?”

मी पेन घेतला. खोटं काहून सांगू? घामानं चिंब झालेली, डोळे फिरवलेली बायको दिसून राहिली होती. ‘मी’ एवढं लिहिलं. अन् मान खाली होती म्हणून पाय दिसले.

अनवाणी.

त्या ऑफिसात सगळे बुटात. साहेब बुटात, चहावाला चपलेत. माह्या चपला दाराबाहेर. कोणी काढायले सांगितल्या नव्हत्या. मीच काढल्या होत्या. माहा बाप मुकादमापुढं तोंड उघडायच्या आधी चपला काढे. तो मरून किती वर्षं झाली. माह्या पायातून गेला नव्हता.

उठलो. बाहेर गेलो, चपला घातल्या, परत आत आलो.

“घंटी दोनदा वाजते का नाही?”

“वो अलग बात है, काका.”

“तेच बात आहे. दुसरी कोणती नाही.”

कागदावरच्या ‘मी’च्या पुढं लिहिलं, ‘माफी मागत नाही. घंटी दुरुस्त करा.’ खाली सही केली. कागद साहेबापुढं सरकवला.

घरी बायको म्हणे, “लिहून दिली असती माफी, तं हात झिजले असते का तुमचे?”

“तुह्यापाशी खडू आहे,” म्हटलं.

सुई घेतली का ती भिंतीवर रेघ मारते. घंटी परत वाजली का भिंत पाहते. तिचं भागलं. पण तात्यापाऱ्यात, ब्राह्मणपाऱ्यात, शहरातल्या मराठी मोहल्ल्यायत कुठं कुठं कोणती म्हातारी एकटी त्या घंटीच्या भरवशावर बसली असन. तिच्या भिंतीवर रेघ नाही.

म्हणून आता दर सोमवारी तक्रार पाठवतो. त्याच पाच ओळी. डोळ्याची ओळ काढली नाही, काढणारही नाही. त्यायनं बंद केली का परत टाकतो. बाकीचे दिवस मोबाइल घेऊन औषधाच्या दुकानायत जातो अन् काउंटरवर घंटी दोनदा वाजवून दाखवतो. चपला घालून.

लाल झेंडी रोवली आहे. रूळ जोडा, झेंडी मी स्वतः काढीन. तोवर तिले कोणी हात लावून पाहावं.