सासूबाईंचा बुडालेला मासा

माझ्या सासूबाईंचा मासा मी बुडताना वाचवला. एवढंच मी केलं. आणि त्याबद्दल मला आजतागायत गुन्हेगारासारखं वागवलं जातंय, म्हणून एकदा माझी बाजू मांडणं भाग आहे.

सासूबाई म्हणजे दोना अल्झिरा, मूळच्या पोर्तुगालच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी अबुधाबीला आल्या, नवरा गेला तरी इथंच ठाण मांडून बसल्या, आणि दोन मुलगे, एक मुलगी, सुना, नातवंडं आणि एक जावई (मी) असा सगळा कारभार नुसती भुवई उचलून चालवतात. मोहम्मद बिन झायद सिटीत त्या आमच्याकडे राहतात, असं मी ऑफिसात सांगतो. खरं म्हणजे आम्ही त्यांच्याकडे राहतो. आमच्या कोकणात जावयाला पाट मांडून वाढतात. इथं जावयाला बटाटे सोलायला बसवतात!

नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांना खारवलेला कॉडच लागतो. मिठाने पांढरा झालेला, फळीसारखा कडक मासा कुणीतरी पोर्तुगालहून बॅगेत घालून आणतं. दुबईहून दोन्ही मेहुणे सहकुटुंब येतात, सासूबाई स्वतः वाढतात, आणि वर्षभर कोण कसं वागलं ते कुणाच्या ताटात कुठला तुकडा पडला त्यावरून सगळ्यांना कळतं. मला लग्नापासून शेपटीच मिळत आली होती. त्या वर्षी मधला जाड तुकडा मिळवायचाच, असा मी निश्चय केला होता.

त्या दिवशी सकाळी सासूबाई आणि माझी बायको इनेस चर्चला निघाल्या. जाताना सासूबाईंनी मला एकच गोष्ट बजावली, किचनमध्ये कशाला हात लावायचा नाही. मी म्हटलं, इन्शाल्ला, म्हणजे देवाच्या मनात असेल तर. (इथंच त्यांनी सावध व्हायला हवं होतं.)

एरवी किचनमध्ये मला मज्जाव, बटाटेही बाहेर बसूनच सोलतो. त्या दिवशी चहा करायला गेलो तर कोपऱ्यात पाण्याने भरलेला टब, आणि तळाशी तो मासा! वर छताला एसीची जाळी. ती गळते म्हणून मी मेंटेनन्सवाल्यांच्या मागे महिनाभर लागलो होतो. एसी गळून गळून टब कसा भरला, ते सगळं चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. आमचं गाव हर्णैजवळ. सुक्या मासळीवर पाण्याचे चार शिंतोडे उडाले तरी आमच्याकडे अख्खी आळी जेवण टाकून धावते, आणि इथं मासा आकंठ बुडालेला!

माझी मुलगी लिया टोस्ट खात उभी होती. ती म्हणाली, "डॅड, आय थिंक इट्स सपोज्ड टू बी इन वॉटर." मी तिला सांगितलं, तू मॉलमध्ये वाढलीस, तुला मासळीतलं काय कळतंय. आणि जिला कळतं तिला, म्हणजे गावी आईला, फोन लावला.

आई भडकलीच. "मेल्या, फोन कसला करतोयस? आधी मीठ चोळ नि उन्हात टाक!"

मीठ चोळलं. पाकीट संपलं तेव्हा दुसरं फोडलं. बाल्कनीत कपड्यांच्या स्टँडवरचे टॉवेल काढून मासा पसरला. जाड भाग लवकर सुकेना, म्हणून टेबलफॅन लावला. तरी सुकेना, म्हणून सासूबाईंचा हेअर ड्रायर आणला. थोड्या वेळाने खाली मांजरांची सभा भरली आणि वॉचमन वर आला. "साब, कुछ मर गया क्या?" त्याला मी अभिमानाने सांगितलं की उलट आहे, वाचवलंय.

दोघी परतल्या तेव्हा मी ड्रायर हातात घेऊन, शाबासकीची वाट पाहत उभा होतो. सासूबाईंनी माशाला बोट लावलं, बोट जिभेला लावलं, आणि मटकन खुर्चीत बसल्या.

इनेस दात-ओठ खात म्हणाली, "मीठ उतरायला भिजवला होता तो. दोन दिवस पाणी बदलत होती आई."

आता मला सांगा, जे मीठ काढूनच टाकायचं ते आधी घालायचं कशाला? इथल्या मीना बंदरावरच्या बाजारात ताजा मासा मिळतो, तो आणा! पण हे मी बोललो नाही, कारण सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. सासरे गेल्यापासून हा बेत त्यांनी एकदाही चुकू दिला नव्हता. मला मनापासून वाईट वाटलं. तेवढ्यात त्यांनी स्वतःचा ड्रायर ओळखला, डोळ्यांतलं पाणी आटलं आणि त्या फक्त "खलास" म्हणाल्या. ते माशाला उद्देशून होतं की मला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पुन्हा भिजवायला वेळच नव्हता. संध्याकाळी मासा तसाच उकडला. सगळे टेबलाशी बसले. सासूबाईंनी मेहुण्यांना नुसते माशासोबतचे बटाटे आणि अंडी वाढली, सुनांना, नातवंडांना, इनेसला बटाटे आणि अंडी वाढली. मग माझ्यासमोर आल्या आणि मधला जाड तुकडा, ज्यासाठी मी इतकी वर्षं तळमळत होतो, तो माझ्या ताटात ठेवला. त्याच्या शेजारी दुसरा ठेवला. मग शेपटी. मग अख्खी परातच माझ्यापुढे सरकवली आणि समोर खुर्ची ओढून, हाताची घडी घालून बसल्या.

मी खाल्ला. एक घास मासा, एक ग्लास पाणी, असा सगळा खाल्ला. शेवटी शेवटी पाणी नाकाशी आलं होतं, पण एवढ्या माणसांतून मला वाचवायला कोणी उठलं नाही!