ब्लँकेट धुताना वाळूचं काय होतं

वाळूमॅडमचं खरं नाव कॉलेजात फक्त पगार काढणाऱ्या क्लार्कला ठाऊक असावं. बाकी सगळ्यांना त्या वाळूमॅडम. चाळिशी उलटल्यावर त्यांनी डॉक्टरेटला नाव घातलं आणि विषय घेतला तो असा: वाळूच्या जमिनीला पुन्हा पुन्हा हादरे बसले तर ती काय करते. नातेवाइकांना हे समजावणं म्हणजे डोक्याला ताप. "काय करणार? हलते," असं सांगून आत्याने तो विषय एका लग्नात जेवणाच्या पंगतीतच निकालात काढला होता.

पण वाळू नुसती हलत नाही, तिचे नखरे असतात. पाणी मुरलेली भुसभुशीत वाळू जोरात हादरली की चिखलासारखी पातळ होते आणि वर उभी असलेली इमारत गुडघ्यात मोडते. वाळूमॅडमचा अंदाज असा होता की, तिला आधी बेताबेताने हलवून सवय लावली, तर कण एकमेकांना घट्ट धरून बसतील आणि मोठा हादरा आला तरी ती दाद देणार नाही. हे सिद्ध करायला कॉलेजच्या तळघरात एक थरथरणारं टेबल होतं. ते एके दिवशी दोनदा खोकलं आणि बंद पडलं. सुटा भाग परदेशातून येणार, म्हणजे कधी येणार ते देवालाच ठाऊक. मॅडमच्या पायाखालची वाळू सरकली. त्यांचे मार्गदर्शक सर कमी बोलणारे. ते म्हणाले, "थांबा."

थांबणं मॅडमच्या रक्तातच नव्हतं.

घरी बाथरूममध्ये कपडे धुण्याचं जुनं मशीन होतं. त्याचा एक पाय आखूड होता, त्यामुळे पिळायला लागलं की ते फेंगडं चालत दारापर्यंत येई. एका रविवारी मॅडम त्याला टेकून उभ्या होत्या आणि हातातल्या कपातला चहा गोल गोल शहारताना त्यांनी पाहिला. 'नाजूक कपडे' लावलं की बारीक शहारा, 'ब्लँकेट' लावलं की कप हातात राहीना. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कॉलेजातून कंप मोजायचं यंत्र आणलं, मशीनच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवून त्याचं फिरणं बंद केलं आणि वर रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या घट्ट बांधल्या.

मग घरात मळके कपडे पुरेनात. चष्म्याच्या दुकानात कामाला असलेला नवरा अंगातला शर्ट जपू लागला, कारण काढून ठेवला की तो मशीनमध्ये गेलाच. पडदे धुतले, उशांचे अभ्रे धुतले, कोरी फडकीही धुतली. शेवटी शेजारच्या काकूंकडे जाऊन, काही धुवायचं आहे का, असं मॅडमनी विचारलं. काकूंनी आधी संशयाने पाहिलं, मग ब्लँकेटांचा ढीग आणून दिला, आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच्या बहिणीचाही दिला.

सासऱ्यांचं मात्र या कारभाराशी जमेना. ते निवृत्त घड्याळजी. उभा जन्म टिकटिक ऐकण्यात गेलेला, त्यांना ही धडधड सोसवत नव्हती. पण सुनेला उलट बोलायचं नाही असा त्यांचा नेम होता. ते फक्त रेडिओ मोठा करत.

आकडे चांगले येऊ लागले तसं मॅडमनी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "बघू," आणि खरोखरच बघायला घरी आले.

त्या दिवशी मॅडमनी दोन बरण्या तयार केल्या. एकीतली वाळू आठवडाभर नाजूक कपड्यांबरोबर हललेली. दुसरी नवी: बरणीत आधी पाणी, मग त्यात नरसाळ्याने अगदी सावकाश वाळू सोडायची. नरसाळं ठरावीक उंचीवर धरावं लागतं, त्यामुळे मॅडमची नजर नरसाळ्यावरच होती, बरणीत नव्हती.

सर आले तेव्हा सासरे तोंडावर पंचा धरून घरभर काहीतरी शोधत होते. पाहुण्यांना पाहून ते "या, बथा," म्हणाले आणि ओशाळून आत गेले. कवळी सापडत नव्हती. मॅडमनी सासऱ्यांना थोडं थांबायला सांगितलं आणि दोन्ही बरण्यांत वाळूवर एकेक लोखंडी वजन ठेवून काकूंचं सगळ्यात जाड ब्लँकेट लावलं.

मशीनने जोर धरला. आरसा थरथरला, साबण घसरून खाली पडला, सरांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. जुन्या बरणीतलं वजन जागचं हललं नाही. नव्या बरणीतली वाळू एकाएकी चकाकली, वर पाणी सुटलं आणि वजन गुमान बुडालं. मॅडम सरांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. सर बरणीकडे बघत होते, आणि त्यांच्या भुवया चढत चालल्या होत्या.

बुडालेल्या वजनाशेजारून काहीतरी गुलाबी वर येत होतं. आधी हिरडी, मग दात. पूर्ण कवळी वर येऊन हसत राहिली.

"हे तुमच्या आराखड्यात नव्हतं," सर म्हणाले.

मॅडमचं तोंड शिकवण्याच्या सवयीने चालू झालं. "सर, वाळू पातळ झाली की जड वस्तू खाली जाते आणि हलकी वर येते. पुरलेल्या रिकाम्या टाक्या अशाच वर येतात."

"टाक्या," सर म्हणाले.

तेवढ्यात मागून एक सुरकुतलेला हात आला. सासऱ्यांनी कवळी उचलली, नळाखाली धरून नीट खळबळली आणि तोंडात बसवली. सकाळी चष्मा न लावता त्यांनी ती पाण्याच्या बरणीत टाकली होती, आपलंच भांडं समजून. सुनेकडे न बघता ते सरांना म्हणाले, "बसा ना, उभे किती वेळ राहणार?"

सर हसले. ते हसतात हे कॉलेजात कुणी मानलं नसतं. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि काकूंचं ब्लँकेट पिळून होईपर्यंत ते बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून राहिले.

पुढे सुटा भाग आला, टेबल सुधारलं, आणि सरांनी सगळे प्रयोग तिथे पुन्हा करायला लावले. आकड्यांनी मॅडमची बाजू सोडली नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की, ही कल्पना सुचली कशी. मॅडमनी सरांकडे पाहिलं, सरांनी छताकडे. "घरी विचार करताना," त्या म्हणाल्या.

पदवी मिळाली त्या संध्याकाळी नवरा त्यांना समुद्रावर घेऊन गेला. तो क्षितिज दाखवत होता. डॉक्टरीणबाई ओल्या वाळूत एकाच जागी टाचा दाबत, सोडत, पुन्हा दाबत उभ्या होत्या. घोटे आत गेले तरी त्यांना पत्ता नव्हता. शेवटी नवऱ्याने दोन्ही हात धरून ओढलं तेव्हा बाई बाहेर आल्या, डावी चप्पल आतच राहिली. त्याने ती उकरायला हात घातला, तर मॅडम म्हणाल्या, "राहू दे जरा. किती खोल जाते बघू."