न टेकलेला पाय

त्या वर्षी मी देवीवर रुसले होते, आणि उगाच नाही. लावणीच्या दिवसांत बांधावरून पाय घसरला नि उजवा खुबा मोडला. महाडला ऑपरेशन झालं, आत सळी बसली, पण भात झोडून घरात आलं तरी मी आपली वॉकर धरून पडवीतून चुलीपर्यंत. मुंबईहून मुलाचं एकच पालुपद, "आई, संक्रांतीपर्यंत चालायला लागली नाहीस तर तुला इकडे आणणार." त्याची माया मला कळते. पण तिसऱ्या माळ्यावरच्या खोलीत खिडकीशी बसून उरलेलं आयुष्य काढायचं, या विचारानंच जीव कासावीस व्हायचा. कापडे गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. इथं पाय चालले तरच दिवस निघतो. मी तुझं काय कमी केलं गो, असं देवीला रोज विचारायची, आणि ती बोलत नाही म्हणून आणखी चिडायची.

त्यात डावा गुडघा ठणकायला लागला. सगळे म्हणाले, उजव्याचा भारही त्याच्यावरच पडतोय, दुखणारच. मलाही पटलं. थोरल्या जाऊबाई, त्यांना मी अक्का म्हणते, निर्गुडीचा पाला गरम करून शेकायच्या. गुडघ्याला ना सूज ना लाली. "तुझ्यासारखाच हाय गो तुझा गुडघा," अक्का म्हणायच्या, "वरून काय दिसत नाय, आतून नुसती कुरकुर."

आमच्याकडे दुखण्यातून उठलेल्या माणसानं काळकाईच्या रानात जाऊन देवीला अंग दाखवायचं असतं. खरं तर मी अजून उठलेच नव्हते. पण मनात हट्ट धरला, आता जायचंच आणि तिच्यासमोर चालून दाखवायचं. त्या रानाचे नियम कडक. आत चप्पल नाही, आणि तिथली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. वेशीच्या दगडापाशी मी चपला काढल्या आणि वॉकरही तिथंच ठेवला. शेणामातीतून आलेली वस्तू, पायांसारखीच रस्त्याला टेकणारी, ती देवीपुढं कशी न्यायची? अक्कांनाही ते बरोबर वाटलं. त्यांच्या खांद्याला धरून मी कशीबशी देवीच्या दगडापर्यंत पोचले. तिथं लक्षात आलं, काडेपेटी घरीच राहिली. "हलू नको, आलेच," म्हणून अक्का परत गेल्या.

भर दुपार होती. वर झाडं इतकी दाट की उन्हाचा कवडसासुद्धा खाली येत नव्हता. रातकिडे किरकिरत होते, ते एकाएकी गप्प झाले. तरी मी ठरवलं, अक्का यायच्या आत एकटीनं प्रदक्षिणा घालायची. दगडाला धरून उभी राहिले, आणि डावा पाय उचलून पुढं टेकणार, एवढ्यात शेजारून आवाज आला.

"टेकू नको गो तो पाय."

एक म्हातारी उभी होती. जुनं विटलेलं लुगडं, गुडघ्यापर्यंत खोचलेलं. चेहरा ओळखीचा नव्हता, आणि आमच्या वाडीत मला अनोळखी असं कुणी नाही. मी म्हटलं, "हा चांगला पाय हाय माझा."

"चांगला म्हणून सगळं त्याच्यावर टाकलंस." तिनं माझ्या डाव्या जांघेत हात ठेवला. विहिरीच्या तळच्या पाण्यासारखा गार. "दुखतंय गुडघ्यात, पण चिरलंय हितं वर. खाली बस. आता उठशील तर परत उभी राहायची नायस."

दगडाला धरून मी सरकत खाली बसले. म्हातारी दगडामागं गेली. पाचोळा घोटाभर साचलेला, पण तिच्या पायांखाली एक पान वाजलं नाही. मी पलीकडच्या बाजूला बघत राहिले. तिकडून ती बाहेर आलीच नाही. मग रातकिडे पुन्हा ओरडायला लागले.

अक्का आल्या. "ऊठ, आरती करू."

"नाय उठणार."

"अगो, देवीनं धरलंन की काय तुला?" त्या हसल्या. माझं तोंड बघून त्यांचं हसू मावळलं. मला टेकायला काठी हवी म्हणून त्या घाईत वाळकी फांदी मोडायला गेल्या, तर मी किंचाळलेच, "हात नका लावू!" शेवटी वाडीतली माणसं डोली घेऊन आली आणि मला सडकेपर्यंत उचलून नेलं. गुडघेदुखीसाठी डोली, म्हणून कुणी कुणी कुजबुजलंही. कुजबुजू देत.

महाडच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढला. काहीच नव्हतं. मी म्हटलं, वरचा काढा. त्यांनी काढला. डाव्या मांडीच्या हाडाला वर, खुब्याच्या मानेशी, बारीक चीर होती. हाड जागेवर होतं, पण एक पाऊल जोरात पडतं तर सरकून तुटलं असतं. खुब्यातली चीर पुष्कळदा गुडघ्यात दुखते, म्हणाले. "वरचा फोटो काढा, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मी म्हटलं, आमच्याकडची एक बाई. आणखी काय सांगणार?

त्यांनी स्क्रू घालून चीर बांधली. संक्रांतीपर्यंत मी चालायला लागले आणि मुंबई टळली. आज मी काठी घेऊन शेताच्या कडेपर्यंत जाते, चूल करते, अक्कांशी भांडते. ती म्हातारी कोण, हे आजूबाजूच्या वाड्यांवर विचारून झालं. तशी कुणी नाही. मी आता विचारत नाही. देवी मला हात देऊन उभी करील, याची मी वाट बघत होते. तिनं मला खाली बसवलं, आणि त्या बसण्यातच माझं उभं राहणं होतं. एवढं कळायला मला दोन्ही खुबे द्यावे लागले. तिचे उपकार कशानं फिटायचे?

परवा अक्कांबरोबर पुन्हा रानात गेले. त्या प्रदक्षिणा घालत होत्या, मी देवीपुढं बसले होते. मागायला काही आठवेना. मग शेजारी गारवा आला, आणि मी थोडी सरकले.

"काय गो, का सरकलीस? मुंग्या हायत काय?" अक्कांनी विचारलं.

"नाय," मी म्हटलं. "बसायचं होतं तिला."