गुरुवारी आलेला ई-मेल

अबुधाबीतल्या ज्या कंपनीत मी होतो, तिच्याकडे एका परदेशी लष्कराच्या प्रवासी कार्डांचं काम होतं. सैनिक दौऱ्यावर निघाला की त्याच्या सरकारी कार्डाची मर्यादा वाढवायची. दौऱ्याची तारीख उलटली की ती आपोआप शून्यावर यायची. हॉटेल, विमान, टॅक्सी, सगळं त्याच कार्डावर. स्वतःचं कार्ड वापरणं हा नियमभंग होता, आणि तसं करणाऱ्याचं नाव थेट वरिष्ठांकडे जाई.

खलिफा सिटीतल्या एका हॉटेलात उतरलेल्या महिला सार्जंटचा दौरा आठवडाभराने वाढला. तसा ई-मेल गुरुवारी दुपारी तीनला आला. तारीख बदलायचा अधिकार माझ्या साहेबांना होता. मी तो लगेच त्यांच्याकडे पाठवला, वर जाऊन सांगितलंही. साहेब ठाण्याचे. म्हणाले, "सोमवारी बघू रे. तोवर काय आभाळ कोसळतंय?"

शनिवारी कार्ड शून्यावर गेलं. रिसेप्शनने तिला खोली रिकामी करायला सांगितलं. तातडीचा फोन साहेबांकडे असायचा. तिने तीनदा लावला. साहेब दुबईच्या बर दुबई भागात सहकुटुंब खरेदी करत होते. त्यांनी उचलला नाही. शेवटी तिने स्वतःच्या कार्डाने पैसे भरले आणि सोमवारी सकाळी वेळांसकट सगळं आम्हाला लिहून कळवलं.

त्याच दुपारी साहेबांनी नियमभंगाच्या यादीत तिचं नाव घातलं आणि कागद सहीसाठी माझ्यापुढे सरकवला. तिची बढती महिनाभरात ठरायची होती. ती अडवायला अशी एक नोंद पुरते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"सर, ई-मेल गुरुवारचा आहे."

"ती तुझी कोण लागते?"

"कोणी नाही."

"मग खलास. ती जाईल तिच्या देशात. तुझा व्हिसा इथला आहे, पोरगी इथल्या शाळेत आहे. सही कर, यल्ला, चल लवकर."

मी सही केली नाही. गुरुवारचा ई-मेल आणि तिचं पत्र जोडून तिच्या वरिष्ठांना लिहिलं, प्रत साहेबांना. राग इतका होता की मजकूर चारच ओळींचा झाला.

दुसऱ्या दिवशी तिचं नाव यादीतून निघालं. चूक स्वतःहून दाखवल्याबद्दल वरिष्ठांनी आमच्या कंपनीचे आभार मानले. आभाराचं ते पत्र साहेबांनी स्वतःच्या नावाने मुख्य कचेरीला पाठवलं. पुढच्या आठवड्यात मला पार्किंगचे पास काढायच्या टेबलावर बसवलं. कारण विचारलं, तर साहेब म्हणाले, "कार्डांचं टेन्शन तुला झेपत नाही रे."